पट्टीवर १.८० मीटर, दोन वेळा

बोरी नदीला पावसाळ्यातला पहिला मोठा पूर आला, त्या दिवशीच्या दोन बाटल्यांचा विचार अजून सुटत नाही. अमळनेर तालुक्यातल्या पुलावर पूर चढताना पाण्याची उंची दाखवणाऱ्या पट्टीवर १.८० मीटर पातळी होती. तेव्हाच्या नमुन्यात लिटरला ६.२ ग्रॅम गाळ निघाला. रात्री उतरतं पाणी पुन्हा १.८० वर आलं, तेव्हा फक्त १.४ ग्रॅम. चढत्या पुरात त्याच पातळीला वेग थोडा जास्त असतो, पण चौपटीहून मोठा फरक त्यानं पडत नाही.

प्रवाह मोजायची रीत सोपी: पात्राचे उभे भाग पाडा, प्रत्येकाची रुंदी आणि खोली घ्या, पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर वेग मोजा, गुणा, बेरीज करा. पुरात मात्र शिशाचं वजन लावूनही वेगमापकाचा दोर तिरपा होतो. सुटलेल्या दोराची लांबी हीच खोली धरली तर खोली फुगते; कोन मोजून वजावट करावीच लागते. त्यात वाहून आलेल्या पऱ्हाट्या वेगमापकाच्या वाट्यांत अडकतात आणि फेरे कमी भरतात. अशा वेळी तरंगत्या फ्लोटनं पृष्ठभागाचा वेग घेऊन ०.८५ नं गुणलेलं बरं.

खरी माती प्रयोगशाळेत हरवते. ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून आपल्या काळ्या जमिनीचा बहुतेक गाळ निघून जातो आणि फिल्टर कागद चोंदतो. मग घाईत बाटली रात्रभर ठेवून वरचं गढूळ पाणी ओतून देतात. त्या गढूळपणातच शेताची सगळ्यात कसदार माती असते! नमुना पूर्ण गाळा, वेळ लागला तरी. कागद आधी कोरडा करून तोलायचा, गाळासकट १०५ अंशांवर वाळवायचा आणि डेसिकेटरमध्येच, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यातच, गार करायचा. पावसाळी हवेत उघडा ठेवला की तो ओल धरतो आणि वजन खोटं वाढतं.

सेकंदाला १०० घनमीटर प्रवाह आणि लिटरला ५ ग्रॅम गाळ, एवढ्यावर तासाला १,८०० टन माती जाते. म्हणून सकाळी आठचा एकच नमुना घेऊन दिवसाचा गाळ काढणं मला मान्य नाही. या नद्यांचा पूर काही तासांत चढून उतरतो आणि गाळाचा कळस बऱ्याचदा पाण्याच्या कळसाआधी येऊन जातो. चढत्या-उतरत्या पुराचे नमुने प्रवाहावरून गाळ सांगणाऱ्या एकाच वक्ररेषेत कोंबले की वर्षाचा हिशेब बिघडतो, आणि खाली तापीतून उकाई धरणापर्यंत जाणाऱ्या गाळाचा अंदाजही.

पहिल्या पाण्यात एवढी माती का? पेरणीसाठी भुसभुशीत केलेली, पीक न झाकलेली रानं, उन्हाळ्यात नाल्यांत साचलेला गाळ, ढासळते काठ. पुलावरची बाटली यातला वाटा वेगळा करून देत नाही. कापसाच्या शिवारातून येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी, मुख्य नदीवर त्याच्या वर आणि पुलावर, असे तिन्हीकडे एकाच चढत्या पुरात दर अर्ध्या तासाला नमुने घेतले, तर निदान शेताचा आणि काठाचा हिशेब वेगळा मांडायला सुरुवात होईल. नाल्यावर प्रवाहही मोजायला हवा. नुसत्या गढूळपणावरून टन निघत नाहीत.