पुरं लिहलंच कुठी?

दिवाळीला गावी आलोय, दारव्ह्याजवळ. भाव ठरेना म्हणून कापूस अजून विकला नाही, मधल्या खोलीत छातीएवढा ढीग घातलाय. त्या ढिगात कमरेपर्यंत रुतून पुतण्या माझा फोन घेऊन बसला होता. तिथूनच ओरडला, “काका, मी पुरं लिहलंच कुठी, अन् हे आधीच चूक म्हणते!”

हेच मी लाइपझिगमध्ये जर्मनमध्ये ऐकून आलो होतो. तेव्हा राग आला होता.

नोकरीतलं माझं टीमबरोबरचं हे पहिलंच काम. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी गणिताचं ॲप. माझ्या वाट्याला एक छोटा खेळ आला: आकडा ऐकायचा आणि दशक-एककाच्या दोन चौकटींत लिहायचा. चुकला की लाल फुली आणि भोंगा. दोन दिवसांत कोड लिहून पाठवला. टीममध्ये एक बाई आहेत, पूर्वी प्राथमिक शाळेत शिकवायच्या. तिथे साहेबालाही नावाने हाक मारतात, माझ्या तोंडी मात्र ‘बाई’च येतं. त्यांनी १४ शेरे मारले. पहिलाच असा: मुलाचं लिहून होईपर्यंत तुझा कोड थांबत का नाही?

चार दिवस काम अडकलं. मनात म्हटलं, लाडावलेली पोरं यांची! फुली बघून रडतील म्हणे. आमच्या शाळेत एका खोलीत दोन वर्ग, गुरुजी एकच. पाढा अडला की हातावर छडी. पावकी-निमकी आजही झोपेतून उठवून विचारा. त्या छडीच्या जोरावरच मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलोय, असं उत्तर टाइपही केलं होतं. पाठवलं नाही, एवढी अक्कल होती. (त्याच छडीखाली शिकलेले माझ्या वर्गातले कितीतरी पोट्टे सातवीच्या आत शाळा सोडून वखरामागे गेले, हे त्या उत्तरात नव्हतं.)

गंमत म्हणजे जर्मन आकडेही आपल्यासारखेच उलटे. आपल्या त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतो, त्यांचं ‘ड्राय-उंड-फ्युन्फत्सिश’ म्हणजे तीन आणि पन्नास. त्यांची पोरंही ५३ चे ३५ करतात, त्या उलटापालटीला ‘त्सालेनड्रेअर’ असा शब्दच आहे. आकडे सरळ करा, वीस-एक म्हणा, असा आग्रह धरणारी एक संस्थासुद्धा तिथे आहे. मी जेवणाच्या टेबलावर छाती फुगवून सांगितलं, आमच्याकडे हे थेट पाठ्यपुस्तकात आलंय! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात वीस-एक, वीस-दोन छापलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावून सांगत होत्या, की ही जोडाक्षरांची नावं मुलांना जड जातात. आम्ही होस्टेलवर त्यावरचे विनोद फॉरवर्ड करत होतो. हे शेवटचं टेबलावर सांगितलं नाही.

एवढं माहीत असूनही कोड मी डावीकडून उजवीकडेच लिहिला. इथे पुतण्यासाठी, टीमला विचारून, आकडे माझ्या आवाजात मराठीत भरले. ‘त्रेपन्न’ ऐकल्याबरोबर त्याने उजव्या चौकटीत ३ टाकला. आकडा बरोबर, जागा बरोबर. पण पहिला आकडा ५ च आला पाहिजे म्हणून माझा कोड टपून बसलेला. फुली, भोंगा. पोरगं पाच वेळा तसंच लिहीत राहिलं, सहाव्यांदा ओरडलं. त्यानंतर त्याला भोंग्याचीच गोडी लागली आणि तो मुद्दाम चुकायला लागला. शेवटी फोन काढून घ्यावा लागला.

रात्री लाइट गेली. लॅपटॉपच्या उजेडात सात ओळी बदलल्या: ‘झालं’ बटण दाबेपर्यंत ॲपने गप्प बसायचं. फुलीही काढून टाकली. बाबा ओसरीवरून म्हणाले, “सुट्टीवर आला ना तू? वेचणीले चाल म्हटलं का पाठ दुखते तुही.” वेचणीची मजुरी मीच पाठवतो, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बदल मंजूर केला आणि विचारलं, कोणी पकडलं? मी म्हटलं, पुतण्याने, त्याचं नाव टेस्टर म्हणून टाकू का? नको म्हणाल्या, मुलाचं नाव नोंदीत नको, ‘दुसरीतला विद्यार्थी’ एवढंच लिही. मुलांच्या माहितीबाबत तिथे फार कडक. जर्मनीत ॲपला संमती घ्यायची तर १६ वर्षांखालच्या मुलासाठी आईबापांना विचारावं लागतं. आपल्या २०२३ च्या कायद्यात तर १८ पर्यंत मूलच.

पुतण्याला हे सांगितलं तर गाल फुगवून बसला. “माह्यं नाव कायले नाई? मीच तं सांगतलं.”

मी कायदा समजावत बसलो. चुलीपाशी बसून वहिनी सगळं ऐकत होती. म्हणाली, “भाऊजी, देतो ना मी परवानगी. कुठी सही करू, सांगा.”