तुम्ही विचारलंत म्हणून: सावली आहे, तरी नेचे का जातात?

"सावली भरपूर आहे, रोपंही कडक थंडी सोसणारी घेतली होती, तरी नेचे, म्हणजे फर्न, हिवाळ्यात गेले. आता कोणता लावू?"

हा प्रश्न इतक्यांदा येतो की चार नावं सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. पण नावं मिळाली की नवी रोपं येतात, जुन्याच जागी लागतात आणि पुढच्या वर्षी प्रश्नही परत येतो. म्हणून या वेळी नावं नंतर. तुमचे नेचे बहुधा हिवाळ्यात गेलेलेच नाहीत. ते उन्हाळ्यात गेले, तुम्हाला कळलं हिवाळा संपल्यावर.

हे सांगितलं की लोक नाराज होतात. पाणी तर घातलं होतं, म्हणतात. घातलं असणार, त्याबद्दल मला शंका नाही. ते कुठे गेलं, एवढंच बघायचं आहे.

मोठं, पसरट मुळांचं झाड धरा. मेपल, बर्च किंवा बीच. त्याच्याखाली ऑस्ट्रिच फर्न, म्हणजे मॅट्युशिया, दोन लिटरच्या कुंडीतून काढून लावला आहे. रोपवाटिकेत त्याला रोज पाणी मिळत होतं आणि मुळं कोकोपीटमध्ये किंवा पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशात, वाढली होती. वसंत संपताना, पानं पूर्ण उलगडलेली असताना तो जमिनीत येतो, कारण रोप तेव्हाच सर्वांत देखणं दिसतं आणि तेव्हाच घ्यावंसं वाटतं. पहिले काही आठवडे सगळं छान चालतं. मग झाडाचा पर्णसंभार दाट होतो. हलकी सर आली तर ती वरच्या पानांवरच अडते आणि तिथूनच वाळून जाते, जमिनीपर्यंत पोचत नाही. तुम्ही खिडकीतून पाऊस पाहता आणि आज पाणी नको असं ठरवता.

त्यानंतर आठवडाभर कोरडं जातं. झाड जमिनीतून पाणी ओढत असतं, नेचाही ओढत असतो, आणि नेच्याची सगळी मुळं अजून त्या कुंडीएवढ्या गोळ्यातच असतात. बाहेरच्या मातीत ती शिरलेली नसतात. गोळा आतून वाळतो. पीट आणि कोकोपीट, विशेषतः पीट, एकदा पूर्ण वाळलं की आक्रसतं आणि पाणी शोषून घेत नाही. गोळा आणि भोवतालची माती यांच्यात बारीक फट पडते. आता तुम्ही झारीने पाणी घालता. ते त्या फटीतून सरळ खाली जातं, झाडाच्या मुळांना मिळतं. वरची माती काळीभोर, ओली दिसते. गोळ्याच्या आत मात्र भुगा असतो.

पानांच्या कडा तपकिरी होतात. मग कुणीतरी सांगतं की नेच्यांना दमट हवा लागते, पानांवर फवारा मारा. उघड्या बागेत तो दमटपणा काही मिनिटांत उडून जातो आणि मुळांना एक थेंबही मिळत नाही. पानं लोळतात, वाळतात. वाळलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. नेचा एकदम पूर्ण पान उलगडतो आणि त्या पानाचं जे व्हायचं ते होतं. इथे स्वतःची समजूत घालायला एक सोयीचं कारण मिळतं: हा पानगळीचा नेचा आहे, नाहीतरी झोपणारच होता. शरद ऋतूत पाऊस येतो, सगळं भिजतं, आणि विषय संपतो.

तो गाभ्यात, म्हणजे पानं जिथून फुटतात त्या मधल्या गड्ड्यात, संपलेला नसतो. पुढच्या वर्षीची पानं गाभ्यात याच वर्षी तयार होत असतात, घट्ट गुंडाळलेली, खवल्यांखाली. त्यांना लागणारं अन्न यंदाच्या पानांनी बनवायचं असतं, आणि ती मध्यावरच वाळून गेली. शिवाय खड्ड्यात तुम्ही जे छान कुजलेलं खत घातलं होतं त्यात झाडाची बारीक मुळं शिरून बसलेली असतात. खड्डा जितका श्रीमंत, तितकी ती लवकर येतात. वसंतात दहा उंच पानांच्या जागी तीन खुजी पानं येतात, किंवा काहीच येत नाही. निकाल लागतो: थंडीने मारलं.

शंका असेल तर तो गेलेला नेचा खणून बघा. मुळांचा गोळा जर अजून कुंडीच्याच आकाराचा निघाला, तर थंडीचा काही संबंध नाही. आणि काटकपणाचे जे आकडे रोपाच्या चिठ्ठीवर असतात, ते थंडीपुरतेच असतात. मॅट्युशिया उणे तीस अंशांतही तग धरतो. कोरड्या उन्हाळ्यात तो लगेच मान टाकतो. दोन्ही एकाच रोपाबद्दल खरं आहे.

तेव्हा लावणी. शरदात लावा किंवा कोंब हलण्याआधी वसंताच्या तोंडावर लावा, म्हणजे पानांचा भार नसताना मुळांना वेळ मिळतो. लावण्याआधी कुंडी बादलीत पूर्ण बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पक्क्या वाळलेल्या गोळ्याला तासभरही लागू शकतो. नंतर गोळ्याच्या बाहेरची मुळं बोटांनी मोकळी करा, तळाशी गोल फिरलेली असतील तर उकला. तो गोळा तसाच्या तसा जमिनीत ठेवला तर वर सांगितलेलं सगळं पुन्हा घडतं. खड्डा गोळ्याच्या दुप्पट रुंद, खोली तेवढीच. उकरलेल्या मातीत साधारण तिसरा हिस्सा पानांचं कुजलेलं खत मिसळा आणि तीच माती परत भरा. झाडाखाली असाल तर अंगठ्याहून जाड मूळ तोडू नका, खड्डा बाजूला सरकवा. तिथे दोन लिटरच्या रोपापेक्षा नऊ सेंटिमीटरच्या छोट्या कुंडीतलं रोप जास्त चांगलं; मुळांच्या मधल्या खबदाडात बसतं आणि लवकर रुळतं. आणि कृपा करून झाडाच्या मुळांवर मातीचा जाड थर टाकून उंच वाफा करू नका. मुळांची हवा तुटते, झाड आजारी पडतं आणि तरीही वर्षा-दोन वर्षांत त्याची बारीक मुळं वर येऊन तो वाफा भरून टाकतात.

पाणी: पहिल्या वर्षी कोरड्या आठवड्यात दर रोपाला पाच लिटर, दोनदा. सावकाश, गाभ्याच्या भोवती, एक झारी सहा रोपांत वाटून नाही. अर्ध्या तासाने खुरप्याने दहा सेंटिमीटर खोल उकरून बघा. तिथे माती ओली नसेल तर वरचा काळा रंग फसवा आहे. मग पाच सेंटिमीटर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, गाभा उघडा ठेवून.

गाभ्याबद्दल थांबून सांगायला हवं, कारण पाण्यानंतर सर्वांत जास्त रोपं इथे जातात. ज्या नेच्यांची पानं शटलकॉकसारखी गोलाकार उभी राहतात, त्यांचा गाभा मातीच्या पातळीला किंवा बोटभर वर हवा. तो पुरला की पाणी साठतं आणि कुजतो. जे नेचे आडव्या मूळखोडाने सरपटत पसरतात त्यांचं मूळखोड एक-दोन सेंटिमीटर मातीखाली, आडवंच ठेवायचं. उभं खुपसलं तर गेलंच. पॉलिपोडियमचं मूळखोड तर जवळजवळ वरच ठेवा, लहानशा दगडाने दाबून. लावणीच्या वेळी बरोबर असलेला गाभाही दरवर्षीच्या आच्छादनाखाली हळूहळू बुडतो. वर्षातून एकदा हाताने मोकळा करावा लागतो.

आता नावं. पण सावली कोणती ते आधी सांगा. ऊन न येणाऱ्या भिंतीकडेची, वर आकाश मोकळं असलेली सावली नेच्यांसाठी उत्तम. फक्त भिंतीपासून निदान चाळीस सेंटिमीटर दूर लावा, कारण भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही. पानगळीच्या झाडाखालची विरळ सावलीही चालते. सदाहरित, खाली लोंबणाऱ्या फांद्यांखालचा अंधार मात्र नेच्यांचाही नाही. नेचे कमी उजेडात बरेच तरतात, त्यांच्याकडे त्यासाठी खास सोयही आहे: निओक्रोम नावाचं प्रकाश ओळखणारं प्रथिन, ज्याचं जनुक हॉर्नवर्ट या शेवाळासारख्या छोट्या वनस्पतींकडून नेच्यांत आलं असं 2014 साली दाखवलं गेलं. पण कमी उजेड म्हणजे शून्य उजेड नव्हे. तिथे खालच्या फांद्या छाटा किंवा जागा सोडून द्या.

ओलावा कायम टिकत असेल तर मॅट्युशिया, लेडी फर्न आणि रॉयल फर्न, म्हणजे ओस्मुंडा रेगॅलिस. ओस्मुंडाला आम्लधर्मी, चिखलाकडे झुकणारी जमीन आवडते; पाय ओले असतील तर तो ऊनही सोसतो आणि माणसाच्या उंचीपर्यंत जातो. मॅट्युशिया जमिनीखालून धुमारे टाकून पसरतो, तेव्हा लहान वाफ्यात तो पश्चात्ताप आहे. साधारण ओलसर पण निचरा होणाऱ्या मातीत जपानी पेंटेड फर्न घ्या, करडी-चंदेरी पानं आणि जांभळट शिरांसाठी, किंवा कोवळेपणी तांबूस असणारा ड्रायॉप्टेरिस एरिथ्रोसोरा. हंसराजाच्या जातीत थंडी सोसणारा हवा असेल तर हिमालयातला ॲडियंटम वेनुस्टम. पहिली दोन वर्षं तो हलतच नाही, त्याला उकरून बघू नका.

जमिनीत चुना असेल तर हार्ट्स टंग, म्हणजे ॲस्प्लेनियम स्कोलोपेंड्रियम, खूश राहतो. हार्ड फर्न, म्हणजे ब्लेक्नम स्पायकंट, त्याच मातीत पिवळा पडतो. दोघांना शेजारी लावायचा हट्ट बऱ्याच जणांचा असतो, कारण पानं एकमेकांना शोभतात. पानं शोभतात की नाही, याचं मातीला काही नसतं.

आणि कोरडी सावली. इथे माझंच जुनं म्हणणं माझ्या आड येतं. झाडाखालच्या कोरड्या जमिनीत नेचे लावूच नका, दुसरं काही लावा, असं मी सरळ सांगायचे. आता मी मेल फर्न, म्हणजे ड्रायॉप्टेरिस फिलिक्स-मास, त्याचा सोनेरी खवल्यांचा भाऊबंद ड्रायॉप्टेरिस अफिनिस, पॉलिस्टिकम सेटिफेरम, सिर्टोमियम फॉर्चुनेई आणि पॉलिपोडियम एवढे सुचवते, कारण दोन वर्षं नीट पाणी मिळालं तर हे पाचही तिथे जगतात. पण जुनं मत पूर्ण सोडवत नाही. मेल फर्न ओलाव्यात मीटरभर होतो, कोरड्या सावलीत त्याच्या अर्धा राहतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी कळाहीन दिसतो. जगणं आणि शोभणं यांत अंतर आहे. ते चालेल की नाही हे तुम्ही ठरवा. माझं अजून ठरलेलं नाही.

खताबद्दल मी हट्टी आहे. नेच्यांना फार लागत नाही. वसंतात सावकाश विरघळणारं खत, चिठ्ठीवरच्या निम्म्या मात्रेत, पुरे. जास्त दिलं की कडा करपतात, आणि ते करपणं पाणी कमी पडल्यासारखंच दिसतं, म्हणून माणूस चुकीच्या दिशेला जातो.

दरवर्षी येणारा घाबरलेला प्रश्न: पानांच्या मागे तपकिरी किडे झालेत, काय फवारू? काही नाही. ते बीजाणूंचे पुंजके आहेत. शिरांच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, नक्षीसारखे असतात आणि प्रत्येक पानावर तीच मांडणी दिसते. खवले किडे वेडेवाकडे विखुरलेले असतात, देठावरही असतात, नखाने सुटतात आणि पान चिकट होतं. तेल किंवा साबणाचा फवारा नेच्यांच्या पानांना डाग पाडतो, तेव्हा आधी ओळखा. लेडी फर्नच्या पानाचं टोक गुंडाळून गाठीसारखं झालं असेल तर आत माशीची अळी आहे. ते टोक खुडून टाका, बाकी काही करायची गरज नाही. खरी भीती मुळं खाणाऱ्या व्हाइन वीव्हिल या भुंग्याच्या अळीची. पाणी मिळूनही रोप मलूल असेल, धरून हलवलं की सैल लागत असेल, तर उपटून मुळांत पांढरी, तपकिरी डोक्याची, वाकडी अळी शोधा.

जुनी पानं शरदात कापू नका, ती गाभ्यावरचं पांघरूण आहे. वसंतात, कोंब उलगडायच्या आधी कापा; उशीर झाला तर कात्रीबरोबर कोंबही जातात, आणि तुटलेल्या कोंबाच्या जागी दुसरा येईलच असं नाही. सदाहरित जातींची फक्त फाटकी पानं काढा.

राहता राहिला तुमचा गेलेला नेचा. तो लगेच टाकू नका. गाभा बोटांनी दाबा. मऊ, ओला, वास येणारा असेल तर गेला. कडक असेल तर वर एकही पान नसलं तरी जागेवर ठेवा, किंवा काढून, गोळा मोकळा करून, ओल्या जागी लावा. उन्हाळा अर्धा सरेपर्यंत वाट बघा. असे नेचे पहिल्या वर्षी एक-दोन बारीक पानं देतात, पूर्ण घेर यायला आणखी दोन-तीन वर्षं लागतात. तेवढी वाट बघावी की नवं रोप आणावं, यावर माझ्याकडे एक उत्तर नाही. मॅट्युशिया असेल आणि जागा तीच कोरडी असेल तर मी त्याच्यासाठी थांबणार नाही. मेल फर्न असेल तर थांबेन.