तुरटी आणि माझे २४० मोलर

जुलैत कृष्णा चहासारखी लाल होते हे सांगलीकरांना काय सांगायचं. परवा घाटावरून एक बाटली भरून आणली अन् टेबलावर ठेवली, कारण लॅपटॉपवर नेमकं तेच मॉडेल करत बसलोय, मातीच्या कणावर पाण्यात चार्ज असतो अन् त्याच्याभोवती आयन, म्हणजे चार्ज असलेले अणू-रेणू, कसे गोळा होतात ते. दोन दिवस झाले, रेती तळाला बसली पण बारीक कण काय बसेनात. प्रत्येकावर निगेटिव्ह चार्ज, जवळ आले की एकमेकांना ढकलतात.

गुई अन् चॅपमन या शास्त्रज्ञांनी १९१० अन् १९१३ मध्ये आपापलं मांडलेलं गणित घेतलं. त्यात आयन म्हणजे नुसते ठिपके, कण त्यांना ओढतो, उष्णता पांगवते, या ओढाताणीत कणाभोवती विरळ होत जाणारा एक ढग तयार होतो. ढगाची जाडी मस्त निघाली, ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल; मोल हे कण मोजायचं माप) मिठाच्या पाण्यात जेमतेम १ नॅनोमीटर, तेच शंभरपट पातळ केलं की साधारण १०. हरखलो. मग हौस म्हणून ०.१ मोलरच्याच पाण्यात कणाच्या पृष्ठभागाला उणे २०० मिलिव्होल्ट दिले अन् अगदी लगतचं सोडियम किती ते प्रिंट केलं.

२४० मोलर! अहो एका लिटर पाण्यात खुद्द पाण्याचेच ५५ मोल असतात, हे २४० कुठं बसवायचे, गणपतीतल्या एसटीत कोंबतात तसे? रात्री एकपर्यंत बग शोधला, युनिटं तपासली, ग्रिड बारीक केली. बग नव्हताच. ठिपक्याला जागा लागत नाही, खऱ्या आयनला अंग असतं अन् वर पाण्याचे रेणू चिकटलेले. स्टर्न या भौतिकशास्त्रज्ञानं १९२४ मध्ये हेच दुरुस्त केलं, कणालगत आयनच्या आकाराएवढा थर सोडला, बरंचसं व्होल्टेज तिथंच उतरतं, ढग त्याच्यापुढं सुरू. तो थर घातला अन् आकडा माणसात आला.

सकाळी आई म्हणाली, "दोन दिवस काय बघतोयस त्या बाटलीकडं?" पाणी पातेल्यात ओतलं, अण्णांच्या दाढीची तुरटी चारदा फिरवली. तासाभरात वर नितळ. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचा तीन चार्जचा आयन ढग आवळतो अन् मग कण जवळ येऊन चिकटतात असं शिकवतात, ते खरंय पण अर्धंच, तुरटी विरघळली की हायड्रॉक्साइडचे फुसफुशीत पुंजके होतात अन् ते गाळाला गुंडाळून खाली घेऊन जातात. माझ्या मॉडेलात पुंजके नाहीतच, ते कसे घालायचे बघतोय.

पातेलं मलाच घासायला लागलं.