आठ अंश

१५ मार्च २०२४, शुक्रवार. सराव संपत आलेला. आमचा डावा विंगर पळता पळता थांबला आणि त्याचा हात मांडीच्या मागे गेला. लंगडला नाही, पण हात तिथं गेला की फिजिओच्या पोटात गोळा येतो.

मी कोल्हापूरचा. जर्मनीत रेजिओनाललीगा, म्हणजे चौथ्या पातळीवरच्या एका फुटबॉल क्लबात फिजिओ आहे. हा पोरगा बर्लिनमध्ये जन्मलेला, आईवडील लेबनॉनमधल्या यादवीतून बाहेर पडलेले. २०१९ च्या आशियाई चषकात लेबनॉननं उत्तर कोरियाला ४-१ हरवलं, त्यात दोन गोल हानोव्हरमध्ये जन्मलेल्या हिलाल अल-हेल्वेचे. गुण आणि गोल व्हिएतनामइतकेच झाले, पण पिवळी कार्डं दोन जास्त, म्हणून लेबनॉन बाहेर. ही गोष्ट त्यानं माझ्या टेबलावर पालथं पडून कितीदा तरी सांगितली असेल. आता त्यालाच पहिलं बोलावणं आलं होतं: २१ तारखेला सिडनी, २६ ला कॅनबेरा, दोन्ही सामने ऑस्ट्रेलियाशी. कॅनबेराचा सामना कागदोपत्री लेबनॉनचा घरचा.

चाचपून पाहिलं. बसायच्या हाडाखाली साधारण पंधरा सेंटिमीटरवर दुखरी जागा, खड्डा नाही. गुडघा वाकवताना ताकद पूर्ण. मग पाय सरळ ठेवून उचलला: उजवा ७६ अंश, डावा ६८. हा आठ अंशांचा फरक तुटलेल्या तंतूंचा असू शकतो, तसा नुसत्या आखडलेल्या स्नायूचाही. त्याच संध्याकाळी ते सांगता येत नाही. एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजायचं. आखडलेला असेल तर मोकळा होतो, तुटलेला असेल तर फरक राहतो. वरच्या लीगमध्ये तासाभरात एमआरआय होतो, आम्हाला चार दिवसांनंतरची वेळ मिळत होती.

आम्ही गुणतक्त्यात वर होतो. रेजिओनाललीगाचे पाच विभाग, पाच विजेते आणि वर जाणार चार. ही रचना ज्यांनी केली त्यांनी एकदा मे महिन्यात आमच्या ड्रेसिंग रूममध्ये बसून दाखवावं. क्लबच्या स्पोर्ट्स डायरेक्टरनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "दहा दिवस विश्रांती, असं लिहिता येईल?" खोटं लिही असं ते म्हणाले नाहीत. फिफाच्या नियमानं राष्ट्रीय संघानं बोलावलेला खेळाडू सोडावाच लागतो. अडवायला वैद्यकीय कागदच लागतो.

मी लिहिलं. पहिल्या दर्जाची, म्हणजे सौम्य इजा, दहा दिवस. वीस तासांहून लांब विमानप्रवास, सहा दिवसांत दोन सामने. डॉक्टरांनीही सही केली. त्या कागदात कुणाला चूक काढता येणार नाही.

त्याला सांगितलं तेव्हा तो टेबलाच्या कडेला बसून बूट सोडत होता. म्हणाला, "तू म्हणतोस तर नाही जात." एवढंच.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठेच्या सामन्यासाठी सुजल्या गुडघ्याला पट्टी गुंडाळून उतरणारी पोरं मी लहानपणी पाहिली आहेत. त्यातली काही पुढं जिना चढताना कठडा धरायची. त्यांना कुणीतरी थांबवायला हवं होतं, म्हणून मी या धंद्यात आलो. पण त्या शुक्रवारचं "थांब" माझं होतं की डायरेक्टरांचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

त्याचं विमान रविवारी रात्रीचं होतं. रविवारी सकाळी त्याचा पाय पुन्हा मोजायला हवा होता. मी मोजला नाही. सुट्टी होती, असं सहकाऱ्यांना सांगितलं. खरं कारण हे की दोन्ही पाय सारखे भरले असते तर तो कागद मला मागे घ्यावा लागला असता, आणि दार लावलेल्या त्या खोलीत पुन्हा जावं लागलं असतं.

२६ तारखेला आमच्या घड्याळात सकाळी दहाच्या सुमारास कॅनबेराचा सामना सुरू झाला. तो माझ्या टेबलावर, मोबाईल उशीला टेकवलेला, माझे हात त्याच्या मांडीवर. सिडनीत ०-२ झालं होतं, इथं पाच गोल बसले. तो एकदाही काही बोलला नाही. सामना संपल्यावर उताणा झाला आणि म्हणाला, "मोज."

दोन्ही पाय ७६.

"शुक्रवारी किती होता?"

"अडुसष्ट."

"आणि रविवारी?"