काविटची खिडकी

मनिलाहून काविते प्रांताच्या बसने निघाले आणि तिथल्या काविट गावी उतरून ट्रायसिकल केली. फिलिपिन्सच्या क्रांतीचे नेते एमिलिओ आगिनाल्दो यांचं घर म्हटल्यावर ट्रायसिकलवाल्याने पुढे काही विचारलंच नाही. 12 जून 1898 ला याच घरातून स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्सच्या स्वातंत्र्याची घोषणा झाली. मनोरा असलेल्या त्या मोठ्या लाकडी वास्तूचा सज्जा पाहताच मी फोटो काढायला धावले.

माहिती सांगणाऱ्या बाईंनी मला थांबवलं. "त्या दिवशी हा सज्जा नव्हता. इथे खिडकी होती." सज्जा खूप नंतरचा, 1919 ते 1921 मध्ये घर वाढवलं तेव्हाचा. तिकडे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, आपल्या आत्याच्या अगदी जवळचा शब्द, म्हणून मीही त्यांना आतेच म्हणू लागले. आते मला आतून त्या जागी घेऊन गेल्या. हाँगकाँगला मार्सेला आगोन्सिलो यांनी मुलगी लोरेन्सा आणि राष्ट्रीय नायक होसे रिझालांची भाची डेल्फिना यांच्यासोबत शिवलेला झेंडा इथे फडकला. घोषणापत्र वाचलं आम्ब्रोसिओ रियान्सारेस बाउतिस्ता यांनी. बँडने हुलियान फेलिपेंची नवी धून वाजवली. राष्ट्रगीताची ती चाल, पण तेव्हा तिला शब्दच नव्हते! ते आले पुढच्या वर्षी. काठाला हात टेकवून मी बराच वेळ उभी राहिले. लाकूड गुळगुळीत झालेलं, दमट हवेने किंचित चिकट.

मला मात्र त्याच्या आदल्या वर्षाने जास्त घेरलं. 22 मार्च 1897, आगिनाल्दोंचा अठ्ठाविसावा वाढदिवस. तेहेरोसला भरलेल्या क्रांतिकारकांच्या सभेने त्यांना अध्यक्ष निवडलं, आणि ते तिथे नव्हतेच, पासोंग सांतोलच्या आघाडीवर स्पॅनिश फौजेसमोर होते. थोरला भाऊ क्रिस्पुलो म्हणाला, तू शपथ घ्यायला जा, मोर्चा मी सांभाळतो. धाकटा गेला, थोरला तिथेच मारला गेला.

दीड महिन्यात, 10 मे रोजी, कातिपुनान या गुप्त क्रांतिकारी संघटनेचे संस्थापक आंद्रेस बोनिफासियो आणि त्यांचा भाऊ प्रोकोपियो यांना क्रांतिकारकांनीच गोळ्या घातल्या. आगिनाल्दोंनी आधी मृत्युदंडाऐवजी हद्दपारी दिली होती. मग सेनापतींचं ऐकून ती मागे घेतली. हे मला पटत नाही. भावाचं मोल नुकतंच मोजलेल्या माणसाने दुसऱ्या दोन भावांना वाचवायला हवं होतं, असं मला त्या घरात उभं राहूनही वाटलं.

पुढे स्पेनच्या जागी आलेल्या अमेरिकेशी युद्ध पेटलं. मार्च 1901 मध्ये आगिनाल्दो दूर पालाननला लपले होते आणि त्यांनी जादा कुमक मागवली होती. ते पत्र अमेरिकनांच्या हाती लागलं. फन्स्टन नावाच्या अमेरिकन अधिकाऱ्याने अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या स्थानिक माकाबेबे शिपायांनाच कुमक म्हणून पाठवलं आणि स्वतः चार साथीदारांसह त्यांचा कैदी बनून गेला. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी आगिनाल्दो पकडले गेले. 1 एप्रिलला त्यांनी अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेतली. वय बत्तीस. आयुष्याची जवळजवळ त्रेसष्ट वर्षं अजून बाकी होती.

ती वर्षं या घराच्या खोल्यांत दिसतात: चोरकप्पे, चोरवाटा, काळा बो टाय. देश स्वतंत्र होईपर्यंत ते तो टाय दुखवटा म्हणून घालत, असं सांगतात. 1935 मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत केसोनांकडून हरले. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अमलात जपानच्या बाजूने बोलले, म्हणून युद्धानंतर तुरुंगात गेले, पुढे माफी मिळाली. 1950 मध्ये राज्य परिषदेवर नेमले गेले.

1946 पासून देशाचा स्वातंत्र्यदिन होता 4 जुलै, अमेरिकेने स्वातंत्र्य दिलं तो दिवस. 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी तो 12 जूनला आणला. आगिनाल्दो तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते आणि त्या सोहळ्याला हजर होते. इथे माझा गळा दाटून आला.

पुढच्या वर्षी त्यांनी घर देशाला दिलं, आणि 6 फेब्रुवारी 1964 ला गेले. मागच्या बागेत त्यांची संगमरवरी समाधी आहे. मी गेले तेव्हा शाळेची मुलं रांगेने येत होती. आते त्यांना सांगत होत्या, "सज्जा नाही, खिडकी."