टाच, वारी आणि पहिली दहा पावलं

गेल्या वर्षी आळंदी ते पंढरपूर पायी केलं, माउलींच्या पालखीबरोबर, रथामागच्या एका दिंडीत. आणि हो, प्लांटर फॅसायटिस असताना केलं. म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली जो जाड पट्टा असतो ना, त्याचं दुखणं. रात्रभर पाय सैल पडला की तो आखडतो आणि सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं, मग दहा-वीस पावलांनी जरा सुटतं.

डॉक्टरांनी जाऊ नको असं काही सांगितलं नव्हतं, फक्त "अनवाणी चालायचं नाही आणि रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही" एवढं बजावलं होतं. दुसरी गोष्ट मी पुणे-सासवडच्या दिवशीच मोडली. तो टप्पा तीसेक किलोमीटरचा, वर दिवे घाट. पहाटे नुसत्या चहावर पेनकिलर घेतली आणि वडकीला पोचेपर्यंत पित्ताने डोकं असं चढलं की टाच परवडली. गंमत म्हणजे घाट चढताना काही वाटलं नाही, टाळमृदंगाच्या ठेक्यात पाय आपोआप पडतात. दुखलं ते विसाव्याला वीस मिनिटं बसून उठले तेव्हा. मला चालणं दुखत नव्हतं, थांबणं दुखत होतं.

हे ओळखलं दिंडीतल्या एका आजींनी, परभणीकडच्या, गुडघे पार वाकलेले. म्हणाल्या, "बाय, बसतीस तशी दगडावानी बसू नको. पाय लांब कर आन् पंजा हलवीत ऱ्हा." फिजिओने हेच तर शिकवलं होतं, टॉवेल पंजाला अडकवून स्वतःकडे ओढायचा, पण ते मी घरी सोफ्यावर करायचे. सासवडपासून नेम केला. तीनला जाग आली की राहुटीत अंथरुणातच टॉवेल ओढायचा, मगच उठून टँकरकडे. संध्याकाळी मुक्कामाला रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा मागून फडक्यात गुंडाळून टाचेखाली धरायचा. पैसे कुणीच घेतले नाहीत, उलट "माउली, अजून देऊ का?"

लोक सांगतात ना, वारीत दुखणं जाणवतच नाही, माउली चालवून घेते. मला तर जाणवलं बुवा. रोज जाणवलं. फक्त तिथे सगळ्यांचंच काहीतरी दुखत असतं, कुणाचे फोड, कुणाची कंबर, त्यामुळे कौतुक कुणी करत नाही आणि आपणही चारदा सांगत बसत नाही. ऑफिसात मात्र मी दोन वर्षं सगळ्यांना टाचेचं बुलेटिन देत होते.

फलटणहून निघताना पाऊल टेकवेचना. बरडपर्यंत सामानाच्या ट्रकमधून गेले आणि रडू आलं, वारी मोडली असं वाटलं. रात्री आजींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग? ट्रकात काय केलंस?" म्हटलं, मिरच्यांची देठं काढली. "मंग झालं की. आमी त्याच मिरच्यांचं खाल्लं." विषय संपला.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो, तुकोबांना तिथून कळस दिसला म्हणून ते धावले अशी श्रद्धा, सगळे उतारावरून पळत सुटतात. मी पळाले नाही. उतारावर पळणं म्हणजे पुढचे तीन दिवस गेले, एवढं आता कळत होतं. कडेकडेने उतरले. आजी मात्र पदर खोचून पळाल्या, त्या वाकड्या गुडघ्यांनी, आणि खाली जाऊन माझी वाट बघत पंजा हलवत बसल्या.

दशमीला पंढरपुरात पोचलो. दर्शनबारीत तासन् तास उभं राहणं माझ्या टाचेला झेपणारं नव्हतं, मग एकादशीला कळसाचं दर्शन घेतलं. दुसऱ्या दिवशी कुठे चालायचं नव्हतं तरी तीनला जाग आलीच. टॉवेल ओढला, उठले. पहिली दहा पावलं तशीच दुखली.