काजूबागेतली काळी डुकरं

मी डुकरं पाळायचं ठरवलं तेव्हा आईची अट एकच होती: तुळशीपाशी उभं राहिल्यावर डुक्कर दिसता कामा नये. आमचं घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पलीकडे. घरामागे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची लागवड, त्याच्या वर चढावर काजूची बाग. मी बागेच्या वरच्या टोकाची, दगडी गडग्यापलीकडची जागा धरली. तिथून दिसत नाहीत. सकाळी खाणं मागताना ऐकू येतात, पण आवाजाबद्दल अट नव्हती.

घरात डुकराचं मटण कुणी खात नाही. मी खातो, तेही बाहेर. नोकरीतल्या सोबत्यांकडे नाताळात सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट कालवण, खाताना दर वर्षी त्यांच्या म्हाताऱ्यांची एकच तक्रार ऐकायचो. फार्मच्या पांढऱ्या डुकराला गावठीची चव नाही म्हणे. तेच डोक्यात राहिलं.

दक्षिण गोव्यातल्या काणकोणहून 4 पिल्लं आणली, 3 माद्या आणि 1 नर. अंगाने लहान, काळी, दोघींच्या पायांवर पांढरं. गावठी म्हणून आपण ज्यांना हिणवतो त्यांची ‘आगोंदा गोवन’ ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे रीतसर नोंदलेली आहे, हे मला पिल्लं आणल्यावर कळलं. नाव काणकोणातल्या आगोंद गावावरून.

पहिला खर्च कुंपणाचा. पूर्वी गोव्यात घरामागच्या संडासाखालीच डुक्कर असायचं. माणसाच्या विष्ठेतून फीतकृमीची अंडी डुकराच्या पोटात आणि कच्च्या राहिलेल्या मटणातून कृमी परत माणसात, असं ते चक्र. त्यामुळे डुक्कर मोकळं पाहिजे, पण गावभर मोकळं नको. सौर झटक्याच्या दोन तारा ओढल्या, खालची वीतभर उंचीवर. पहिल्याच दिवशी पिल्लाच्या नाकाला झटका बसला आणि ते मागे पळायच्या ऐवजी सरळ पुढे, तारेतून पार खालच्या कुळागरात! आता नवीन पिल्लू आधी आठवडाभर लहान वाड्यात ठेवतो. तिथे तारेच्या मागे पक्की जाळी असते, म्हणजे झटका बसल्यावर त्याला मागे वळावंच लागतं.

‘चराऊ डुक्कर’ म्हटलं की लोकांना वाटतं, सोडलं की झालं. मलाही वाटलं होतं. पण डुक्कर म्हणजे गाय नव्हे. त्याला एकच पोट, नुसत्या गवतावर ते वाळतं. बागेत त्याला मुळं, किडे, पडलेले फणस आणि बोंडू (काजूची फळं) मिळतात, बाकीचं बादलीतूनच द्यावं लागतं. बोंडूंचंही तंत्र आहे. एप्रिलमध्ये झाडाखाली दोन दिवस सडलेले बोंडू खाऊन एक मादी अशी झिंगली की आडवी पडून नुसती घुरघुरत राहिली. फुकटचा हुर्राक, म्हणजे बोंडूंची दारू!

पहिल्या पावसाळ्यात मात्र घोडचूक झाली. चढावरची जमीन त्यांनी मुसंड्या मारून नांगरल्यासारखी उकरली आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत लाल पाणी धो धो कुळागरात उतरलं. आई तीन दिवस बोलली नाही. तेव्हापासून पावसाळाभर ती सपाटीवर, पत्र्याखाली, भाताच्या पेंढ्यावर असतात. ऑक्टोबर ते मे बागेत, पण दर पंधरा दिवसांनी तुकडा बदलून. घाम गाळून अंग थंड करणं त्यांना जमत नाही, म्हणून उन्हाळ्यात काजूच्या सावलीत चिखलाचा खड्डा लागतोच. रात्री सगळी आत. एक पिल्लू बिबट्याने नेल्यावर ही सवय लागली.

आता मुख्य गोष्ट. खाण्याचा खर्च वाचवायला मी बाजारातून मासळीची डोकी-आतडी फुकट आणत होतो. हॉटेलातलं उष्टं मात्र पहिल्यापासून घेतलं नाही. 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीवर आला, आणि तो रोग उष्ट्यातल्या डुकराच्या मटणातूनही येतो. मासळी उकळून द्यायचो. डुकरं तकतकीत झाली, मी खूश. डिसेंबरात पहिलं कापलं आणि अर्धं साष्टी तालुक्यातल्या एका आंटीला दिलं. त्या घरी चोरीस, म्हणजे डुकराच्या मटणाचे गोवन सॉसेज, करतात. दुसऱ्या दिवशी फोन: “बाबा, हें दुकराचें मास की बांगड्याचें?”

मी गेलो. आंटींनी चरबीचा तुकडा पुढे केला, “दाबून पळय.” अंगठा लोण्यात रुतावा तसा रुतला, आणि हाताला मासळीचा वास. पैसे परत द्यायला निघालो तर त्यांनी बसवून घेतलं. मग जनावरांच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. गाय चरबी पोटात बदलून टाकते. डुक्कर जे तेल खातं ते बरंचसं तसंच अंगावर चढवतं. मासळीचं तेल आणि तेलकट कोंडा दिला की चरबी मऊ. चोरीसाला ती घट्ट लागते, नाहीतर उन्हात वाळवताना तेल गळतं.

तेव्हापासून शेवटचे अडीच महिने मासळी पूर्ण बंद. कोंडा निम्मा, त्याऐवजी तांदळाची कणी, खोबऱ्याची पेंड आणि फणस. खोबऱ्याच्या पेंडीने चरबी पांढरी, टणक येते. नराची पिल्लं डॉक्टर दुसऱ्या आठवड्यातच खच्ची करतात, नाहीतर मोठेपणी मटणाला उग्र वास मारतो.

आता हिशेब. पांढरं संकरित डुक्कर सात-आठ महिन्यांत 80-90 किलोचं होतं. माझं अकराव्या महिन्यात जेमतेम 55. दीडपट दर मिळाला तरच परवडतं, आणि तो देणारे मोजकेच आहेत. शिवाय विक्रीला हंगाम आहे: नाताळ, लग्नं, आणि मेमधला पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी. ईस्टरआधीच्या उपवासांत कुणी विचारत नाही. डुकरीण 114 दिवसांनी विते, त्यावर अकरा महिने, म्हणजे नाताळची तयारी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरातच करायची.

गेल्या मेमध्ये आंटींनी पुन्हा चरबी दाबली. अंगठा रुतला नाही. त्यांनी दोन डुकरांची मागणी नोंदवली आणि शेजारणीलाही माझा नंबर दिला. माझ्याकडे तयार एकच होतं. दुसरं अजून 40 किलोंवर, फणसाची वाट बघत.